किसना, सांग त्याले

निवृत्ती अन् नारायणराव धुरकरी. म्हंजे एकाचं वावर सरते तिथून दुसऱ्याचं लागते, मधात एक धुरा. त्या धुऱ्यावर बाभूळ होती. नारायणरावानं तोडली. निवृत्ती म्हने माही होती, हा म्हने माही. बाभूळ चुलीत गेली, राख उकिरड्यावर गेली, पन भांडन काही इझलं नाही. तवापासून दोघायचं बोलनं बंद.

आता बोलनं बंद झालं म्हनून वावर थोडंच थांबते. नारायणरावाचं सोयाबीन, अन् त्याले लागून निवृत्तीची तुती. तुती म्हंजे रेशमाच्या किड्यायचा चारा. सोयाबीनवर अळीचं औषध मारलं अन् वाऱ्यानं थोडंसं तुतीवर गेलं, तं तो पाला किड्यायले जहर. म्हनून मारायच्या आदल्या दिवशी धुरकऱ्याले सांगा लागे. ही रीतच होती. अन् सांगनार कोन? तं किसन.

किसन गावातला फवारावाला. पाठीवर पंप, तोंडाले फडकं, डोये बाराही महिने लाल. नारायणरावाचंही तोच मारे अन् अर्ध्या गावाचं तोच मारे. तिघं धुऱ्यावर उभे राह्यले की गंमत पाहा लागे.

"किसना, सांग त्याले, उद्या मारून राह्यलो म्हना," नारायणराव म्हने.

निवृत्ती दहा हातावर इळा घेऊन उभा. सगळं आयकू आलेलं. तरी किसनाले इचारे, "काय म्हनते रे तो?"

"उद्या मारतो म्हनते."

"त्याले म्हना, संध्याकाळलोक पाला कापून घेतो. अन् धुऱ्याकडची चार तासं, त्या चार ओळी, सोड. ते वारा पडल्यावर मार."

"आयकलं का मालक?"

"मी काय बहिरा हावो?" असं नारायणराव बैलाले म्हने.

किसन पंप खाली ठेवे अन् हासे. "तुम्ही दोघं मरान तवा यमापुढंही मलेच उभं करान. किसना, सांग त्याले."

पन तो निवृत्तीच्या शेडमधी कधी गेला नाही. शेडच्या बाहीर लिंबाचं झाड, तिथूनच हाक मारे. शालूबाई, म्हंजे निवृत्तीची बायको, चहा घेऊन बाहीर ये. "या ना भाऊजी आत."

"नको वहिनी. माह्या आंगाले सारं औषधच औषध. तुमचे किडे मले पाहूनच मरतीन."

आता शेडचं सांगा लागते. टिनाची शेड, चारी बाजूनं जाळी, आत रॅक. दारात चुन्याचं पसरट घमेलं, पायासोबत रोग आत जाऊ नये म्हनून. त्यात पाय बुडवल्याशिवाय निवृत्ती बापालेही आत सोडत नसे. तंबाखूनंही किडे मरतात, म्हनून तंबाखू खानाऱ्याले तं शालूबाई दारातूनच परत लावे. पांढरे किडे, बोटायवढे, तुतीच्या फांद्यावर पडलेले. सगळे एकदम पाला खायले लागले की टिनावर बारीक पानी पडल्यासारखा आवाज येते. निवृत्तीले त्या आवाजात झोप लागे. आवाज बारीक झाला की जाग ये.

औंदा त्या आवाजावर घराचं लय काही टांगलं होतं. पोरगा दीपक चाकणच्या कंपनीतून परत आल्ता. बायको पूनम अन् लेक छकुली सोबत. होळीले आला तो राह्यलाच. तिकडून त्याचा दोस्त शेखर घडीघडी फोन करे, जागा हाये, ये म्हने. दीपक एक दिवस जेवता जेवता म्हने, "बाबा, ही बॅच चांगली उतरली तं मी जात नाही. इथंच दुसरी शेड टाकू. नाही उतरली तं शेखरले हो म्हनतो."

निवृत्तीनं भाकर मोडली. त्या दिवसापासून तो किड्यायकडे बाळंतपनाले आलेल्या लेकीसारखं पाहे. अन् छकुली शेडमधी आली की तिच्या हातात एक किडा ठेवे. पोरगी खिदळे. म्हातारा तिच्या तोंडाकडे पाहे.

अशात देऊळगाव राजाकडची एक ड्रोनवाली कंपनी गावात आली. जुन्या शाळेपुढचं मैदान मांगे. गाडी उभी कराले, बॅटऱ्या चार्ज कराले. फोनवर सांगा, आम्ही येतो, वरून फवारून देतो. द्यावं का नाही, म्हनून सरपंच सिंधूताईनं सभा घेतली.

अर्जुनराव पहिले उठले. "वरून काय काय पाहीन तो? वावरात बायामानसं राह्यतात."

"अर्जुनराव, तुमाले पाहायले येवढं महागाचं यंत्र कोन उडवीन?" मागून कोनी तरी म्हने. सभा हासली.

नारायणराव म्हने, "आठ दिवस झाले, चिखलात पाय ठेवता येत नाही. तोवर अळी पानं खाऊन बसली. किसनाले पाहा तं तो दुसरीकडे. उडू द्या."

निवृत्ती बसल्या जागूनच बोलला. "सिंधूताई, धंदा कराले आलेला धंदा पाह्यते. सकाळी येईन, दुपारी जाईन. आपल्या धुऱ्याचं त्याले काय माहीत?"

मंग दीपक उभा राह्यला. बापाच्या बाजूनं बोलीन असं लोकायले वाटलं.

"मागच्या साली मी दिवाळीले आल्तो तवा किसनकाका तुरीत पडले," दीपक म्हने. "तोंडाले फेस. डोये फिरलेले. मी गाडीवर माह्या पाठीले शेल्यानं बांधून मेहकरले नेले. सारी वाट त्यायचं डोकं माह्या मानेवर आपटे. कोनाचं औषध मारून राह्यले होते ते? आपलंच ना? मानसाच्या पाठीवर जहर बांधायचं अन् आपल्या शेंगा वाचवायच्या, हे बंद करा. येऊ द्या कंपनीले."

सगळ्यायनं किसनाकडे पाह्यलं. तो खांबाले टेकून बसला होता. उठायले त्याले वेळ लागला.

"दीपक, तू मले वाचोलं, ते मी इसरत नाही," तो म्हने. "पन वाचलो तो खायलेच ना बापू? मंग काय खाऊ, तेवढं सांगून खाली बस."

दीपक उभाच राह्यला. सिंधूताईनं हात वर कराले लावले. हात वर झाले, दीपकचाही झाला. निवृत्तीचा मांडीवरच राह्यला.

घरी येताना बापलेक एका वाटेनं, पन मागंपुढं. दारात चपला काढताना निवृत्ती म्हने, "बोलला मातर चांगलं."

कंपनीचं काम नाल्याच्या पलीकडून सुरू झालं. इकडं निवृत्तीच्या किड्यायनं शेवटची कात टाकली. आता सात-आठ दिवस मन लावून खातीन अन् मंग कोष इनायले चढतीन. ह्या दिवसात त्यायचं खानं म्हंजे आग. सकाळी पाला, दुपारी पाला, संध्याकाळी पाला. पूनमच्या तळहाताले फोड आले. तिनं त्याले चिंधी बांधली अन् पुन्हा इळा धरला. शालूबाईची कंबर रॅकमधी वाकून वाकून तशीच राह्यली, सरळ होताना ती रॅकचा बांबू धरे. वरून झड सरून उघाड पडलेली. शेडमधी उकाडा असा का आंगातून पानी गये. दीपक चुना मारे, खालचा कचरा उपसे, अन् दिवसातून दोनदा तरी म्हने, "बाबा, माल जबरदस्त हाये."

"नजर नको लावू बे," निवृत्ती म्हने. पन मिशीत हासे.

त्या दिवशी सकाळी निवृत्ती दूध घालायले स्टँडवर गेला. हॉटेलापुढच्या बाकड्यावर किसन बसला होता. पुढं चहा. पंप कुठं दिसला नाही.

"आज काम नाही का?"

"नाही," किसन म्हने. अन् रस्त्याकडे पाहात राह्यला.

निवृत्तीच्या मनात आलं, चला, आज फवारा नाही. एवढ्या वर्षायचा हिशोब तोच होता. किसन धुऱ्यावर दिसला तं फवारा, किसन हॉटेलात दिसला तं फवारा नाही. तो बाकड्यावर टेकला. दोघायनं चहा घेतला. किसनाले लोकायनं बलावनं बंद केलं होतं, ते किसन कशाले सांगीन? अन् नारायणरावानं फोन करून ड्रोन बलावला, ते किसनाले कोन सांगीन?

त्याच वक्ती तिकडं नारायणरावाच्या सोयाबीनवर ते यंत्र फिरून राह्यलं होतं.

पूनमनं आवाज आयकला. छकुलीले कडेवर घेऊन बाहीर आली. पाह्यते तं एक पोरगी टोपी घालून पलीकडच्या रस्त्यावर उभी, हातात डबा, अन् सोयाबीनवरून ते गरगर जाऊन राह्यलं, परत येऊन राह्यलं. मागं गावठान मोजायले असंच आल्तं, फोटो काढून गेल्तं. तिले वाटलं, वावर मोजून राह्यले.

"पाह्य बाप्पा, बाई उडवून राह्यली," ती छकुलीले म्हने. तिले आपलं बरंच वाटलं. छकुलीनं टाळ्या वाजोल्या. ते गेलं. तुतीचा पाला सळसळला, वारा फिरला होता.

निवृत्ती आला अन् दम न खाता पाल्याले लागला. कापायची पाळी धुऱ्याकडच्या ओळीची होती. पालाही तिथं कोवळा. दीपकनं भारे वाहले, शालूबाई अन् पूनमनं रॅकवर फांद्या टाकल्या. आवाज सुरू झाला. मानसं भाकर खायले बसली.

भाकर अर्धी झाली नसंन. पूनमचा हात थांबला.

"मामाजी, आवाज काऊन नाही येऊन राह्यला?"

निवृत्ती उठला तो चुन्यात पाय न बुडवता आत गेला. किडे डोकी वर करून हालवून राह्यले होते. इकून तिकं, इकून तिकं, जसं काही शोधून राह्यले. तोंडातून हिरवं पानी. काही आखडून अर्धे झाले होते. एक फांदीवरून खाली पडला, मंग दुसरा. निवृत्तीनं पान घेतलं, हुंगलं, तोंडात धरलं अन् थुकलं.

"औषध हाये."

"कसं हाईन?" दीपक म्हने. "किसनकाका तं..."

"किसन स्टँडवर होता. मी त्याच्यासोबत चहा पेलो."

पूनमच्या हातातली फांदी तशीच राह्यली. "मामाजी, सकाळी ते उडनारं आल्तं. मले वाटलं मोजायले आलं."

तिले दोष द्यायले वेळच नव्हता. चौघायनं रॅकवरचा पाला फेकला, जे खाऊन आखडले ते येचले, जे बरे दिसले ते येगळे केले. दीपक इहिरीकडच्या टोकाले पळाला, तिथला पाला धुऊन, झटकून आनला. किडे खायनात. शालूबाई एकेकाच्या तोंडाशी पान नेई, जसं आजारी लेकराले भरवावं. संध्याकाळ होता होता घमेले भरले. पांढरे किडे काळे पडून राह्यले होते. वासानं छकुली ओकली, तिले लिंबाखाली नेऊन बसोलं.

दुसऱ्या दिवशी दीपकनं फोन केला तशी ती ड्रोनवाली पोरगी आली. डिंपल तिचं नाव. टोपी हातात घेऊन लिंबापाशी उभी राह्यली.

"दादा, मी वारा पाह्यला होता. सुरू केलं तेव्हा नव्हता. मंग फिरला," ती म्हने. "अन् मी मालकाले इचारलं होतं, बाजूले काय लावलेलं हाये म्हनून."

"काय म्हनला?"

डिंपलनं खाली पाह्यलं. "म्हनले, बाजूवाल्याचं मले इचारू नको."

डिंपल म्हने, वर सांगते, कंपनीचा मानूस पाहून जाईन. छकुलीनं तिच्या ओढनीले धरलं. "तूच उडवते का ते?" डिंपलनं ओढनी हळूच सोडवून घेतली.

ती गेल्यावर किसन आला. सवयीनं लिंबापाशीच थांबला.

"या भाऊजी आत," शालूबाई म्हने. "आता काय बाटनार हाये?"

तरी त्यानं चपला काढल्या, चुन्यात पाय बुडवले, चांगले बुडवले, अन् आत आला. इतकी वर्षं बाहीरून आवाज आयकलेला, आज पह्यल्यांदा पाह्यलं. रॅकपाशी वाकून एक किडा उचलला, तळहातावर ठेवला. छकुली पुढं झाली.

"आबा, हा जिता हाये. हालून राह्यला."

"नाही माय," किसन म्हने. "माहा हात हालून राह्यला."

मागच्या साली पडल्यापासून त्याचा हात तसाच होता. त्यानं किडा परत ठेवला, जसा होता तसा.

वाचलेल्या किड्यायनं कोष केले, पन कागदासारखे पातळ. जालन्याच्या बाजारात व्यापाऱ्यानं बोटानं दाबला, तिथं खड्डा पडला तो वर आलाच नाही. व्यापाऱ्यानं पोतं बाजूले सारलं अन् पुढच्याचा माल पाह्यला.

सिंधूताईनं पुन्हा सभा घेतली. आता गाव निवृत्तीच्या बाजूचं होतं. मागं हात वर करनारेच म्हनत, धंदेवाल्याले मैदान देनंच चुकलं.

"निवृत्तीभाऊ, नुकसान तुमचं झालं," सिंधूताई म्हने. "तुम्ही म्हनसान तं मैदान आजच परत घेऊ. सांगा."

किसन उठला. धुतलेला सदरा घालून आल्ता. "मी उद्यापासून पंप घेतो. घरी पुसून ठेवला हाये," तो म्हने. "तब्येत बरी हाये आता माही."

बोलता बोलता तो सदऱ्याचं वरचं बटन लावून राह्यला होता. बटन काजात जाईना. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा सुटलं. मंग त्यानं हात खाली घेतला अन् खिशात घातला.

निवृत्तीनं ते पाह्यलं. कोपऱ्यात दीपक मान खाली घालून बसलेला, त्यालेही पाह्यलं.

"मले काही म्हनायचं नाही," तो म्हने.

"असं कसं? तुमच्यासाठीच तं..."

"नाही ना म्हनायचं."

तेवढ्यात नारायणराव उभा राह्यला. घसा खाकरला. त्याचं तोंड पार उतरलं होतं. "किसना," तो म्हने, "सांग त्याले..."

"मले नका सांगू मालक," किसन म्हने. "मी आता फवारावाला नोय. ज्याचं त्यानं सांगा."

निवृत्ती समोरच होता. पन नारायणराव खाली बसला. मैदान कंपनीकडेच राह्यलं.

किसन दुसरबीडले लेकीकडे गेला. तिथं ढाब्यावर बसल्या जागी कांदे निवडायचं काम भेटलं म्हनतात.

दीपकनं शेखरले हो म्हटलं. सकाळी सगळे स्टँडवर आले. पूनमनं सासूच्या पाया पडताना डोयाले पदर लावला. "मले समजलं असतं तं मी आरडली असती आत्याबाई." शालूबाईनं तिच्या चिंधी बांधलेल्या हाताले धरून ठेवलं.

दीपक बापापाशी उभा होता. "बाबा, मी हात वर नसता केला तं?"

"तुह्या एका हातानं काय होते? गावानं केला."

"किसनकाकाले पाठीवर बांधून नेलं, तेव्हा वाटलं होतं का पुन्हा कोनाले असं न्यायची पाळी नको. ते चुकलं का माहं?"

"नाही."

"मंग?"

निवृत्तीनं छकुलीच्या डोक्यावरची टोपी नीट केली. "मंग काही नाही. गाडी आली पाह्य."

शेड धुतली. ब्लिचिंगचं पानी मारलं, रॅक उन्हात काढले, परत लावले. नवे किडे आनायचं नाव कोनी काढलं नाही. पन चुन्याचं घमेलं दारात होतं तसंच राह्यलं, अन् तुती काही मानसाचं पाहून वाढत नाही, ती छातीले लागली.

एक दिवस ऊन कललं होतं. निवृत्ती तुतीत निंदत होता. धुऱ्यावर नारायणराव आला. तोडलेल्या बाभळीचं खोड होतं तिथं उभा राह्यला. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. किसन नव्हता. बैलही नव्हते. एक पाय खोडावर ठेवला, काढला.

"उद्या सकाळी उडवून राह्यले," तो खोडाले म्हने.

निवृत्ती उभा झाला. हातात खुरपं. मागं रिकामी शेड. टिनावर पानी नाही, आत आवाज नाही. नारायणरावालेही ते माहीत होतं, साऱ्या गावाले माहीत होतं. वारा तुतीतून गेला अन् सोयाबीनमधी शिरला.

"हाव," निवृत्ती म्हने. खुरप्याची माती पुसत म्हने, "धुऱ्याकडची चार तासं सोडाले सांग त्या पोरीले."

"सांगतलं."

नारायणराव आनखी काही म्हनीन असं वाटलं. पागोट्याचा शेव उगाच ओढला, खोडाकडे एकदा पाह्यलं, अन् सोयाबीनच्या तासातून सावकाश निघून गेला.

"इळा आन," निवृत्तीनं शालूबाईले हाक मारली.

ती दोन इळे घेऊन आली. "कायले? कोनाले टाकता पाला?"

"त्यानं सांगतलं ना."

दिवस बुडेलोक दोघं धुऱ्याकडची तुती कापत राह्यले. भारे बांधले, डोक्यावर घेतले, शेडपाशी आनले. आत काही नव्हतं. तरी दारात आधी तिनं, मंग त्यानं, चुन्यात पाय बुडवले.